जयवंताबाई आणि काळी केलेली भांडी

इचोड्याची सडक कधीच मागं पडली होती, पळसाचं रानही सरत आलं होतं, तरी जयवंताबाईंच्या पायांचा झपाटा काही कमी होत नव्हता. पुढं त्या, मागं प्रयाग. दोन्ही बाजूंनी पळस नुसता पेटलेला. ज्वारीची कणसं खुडून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या, कापसाच्या रानात वाळक्या पऱ्हाट्या. प्रयागच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून तिनं दोन्ही चपला हातात घेतल्या होत्या आणि तापल्या फुफाट्यातून ती पाय उचलत, टेकवत येत होती.

“मावशी, दम खा जरा! मी मास्तरीण आहे, हरीण नाही.”

“दम सोमवारच्या नंतर खाऊ,” जयवंताबाई चालता चालताच म्हणाल्या. “सोमवारी आशेंबलीत नाक्याची मागनी येते. शनिवारी मोटर धरा लागते. त्याच्या आंदी बयनीनं हो म्हनलं पायजे, नाई तं नाई म्हनलं पायजे. काहीतरी म्हनलं पायजे.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“तं मी तिथं जाऊन मुकी बसन. माहूरच्या आईची शपथ घेतली म्या.”

माहूरच्या रेणुकाआईची शपथ त्या मुलखात कोणी चेष्टेनं घेत नाही. आणि जयवंताबाई मुक्या बसणार म्हणजे काय, हे तिला कळत होतं. तिनं मनातल्या मनात हात जोडले. आई, बयनाबाईला चांगली बुद्धी दे. आणि लगेच वाटलं, बयनाबाईची बुद्धी कुठं वाईट आहे? वाईट झालं ते तिचंच झालं.

ही सगळी भानगड नाक्याची. निजामाच्या राज्यात हद्दीवर मालाचा महसूल घेणारं खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. पैनगंगेच्या अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं वऱ्हाड, मधे नाका. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य हिंदुस्थानात मिळालं, निवडणूक झाली, दोन्ही काठांवर एकच झेंडा फडकायला लागला. नाका मात्र तिथंच. आज त्या जागी गेलात तर दगडी चौथरा आणि बाभळी दिसतील. तो उठून जमाना झाला. पण ही गोष्ट तो उठायच्या आधीची, लोक निजामाचा हाली शिक्का आणि हिंदचा रुपया दोन्ही कनवटीला बाळगत होते तेव्हाची.

नदी काही सोयरिकी अडवत नाही. इकडच्या पोरी तिकडं, तिकडच्या इकडं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पोरीबरोबर भांडी जातात: घंगाळ, परात, हंडा, तांबे, वाट्या. नवं भांडं म्हणजे माल, आणि मालावर महसूल. वापरलेलं भांडं म्हणजे घरचं सामान, त्याला महसूल नाही. मग काठच्या बायांनी काय करावं? लग्नाच्या आधी नव्याकोऱ्या भांड्याला बाहेरून तीळतेल चोळायचं, गोवऱ्यांच्या धुरावर धरायचं, वर राखेचा हात मारायचा, आणि काठावर दगडानं एक पोचा पाडायचा. नाकेदार पाहतो, नाक मुरडतो, “जाव” म्हणतो. पलीकडं सासरी पोचल्यावर सासू आणि सून मिळून चिंचेनं घासून काढतात. नव्या नवरीचं सासरचं पहिलं काम तेच. हे नदीकाठच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि एकाही सरकारी माणसाला ठाऊक नव्हतं.

म्हणजे, जयवंताबाई असेंब्लीत बोलेपर्यंत नव्हतं.

वाटेत एका गावाची विहीर लागली. पाणी शेंदणाऱ्या चारपाच जणी यांना पाहून एकदम गप्प झाल्या. मग एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

“हळू बोल वं, आशेंबली आली.”

“घागरीवर पदर घाल बाई. पाह्यलं का उद्या पेपरात येते.”

“आमदारीनबाई, आमच्या घरी आज आंबाडीची भाजी केली. सरकारले कळवून देजा!”

जयवंताबाई थांबल्या. त्यांचं तोंड उघडलं, प्रयागनं श्वास धरला. पण त्यांनी नुसती ओंजळ पुढं केली. ढोसणारीनं तोंड वाकडं करून का होईना, पाणी ओतलं. जयवंताबाई पोटभर प्याल्या, ओली ओंजळ तोंडावरून फिरवली आणि निघाल्या. बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, “आंबाडीची भाजी! हुशार हाय वं ती बाई. बाजारात बसली तं माह्यं गिऱ्हाईक पळवन.”

बाजार हे जयवंताबाईंचं विद्यापीठ. इचोड्याच्या आठवडी बाजारात त्यांचं माळवं असे: वांगी, मेथी, हिरवी मिरची, दिवस असले तर शेंगा. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला त्यांनी “घ्या वं वांगी!” म्हटलं की त्या टोकाचे बैल कान टवकारत. शाळा नाही; पुढं मोठ्या बायांच्या वर्गात प्रयागकडंच अक्षरं शिकल्या, ती ओळ न ओळ मोठ्यांदा वाचूनच. पहिल्या निवडणुकीत पुढारी मंडळी आली ती त्यांच्या यजमानांना, यशवंतरावांना उभं करायला. यशवंतराव वाफ्यात पाणी सोडत होते. ते म्हणाले, “मले बोलता येत नाई. बोललो तं मिरची सुकते. हिले उभी करा. हिचं तोंड आमच्या घरात मावत नाई, तुमच्या आशेंबलीत मावत असन तं पाहा.” मंडळी हसली. आठवड्यानं परत आली आणि खरोखरच जयवंताबाईंना घेऊन गेली.

निवडून आल्यावर पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी बाजारातला सूर लावला. स्पीकरसाहेबांनी हात वर करून सांगितलं, बाई, समोर यंत्र आहे, हळू बोला. “साहेब, यंत्र तुमच्यासाठी हाय. मले मागच्या बाकावरचे उठवायचे हायत,” हे उत्तर हैदराबादेत बरेच दिवस फिरलं. त्या बोलल्या ते बाजार-बैठकीवर. बाजारात जमिनीवर गोणपाट अंथरून बसायचे जे पैसे घेतात ती बैठकी. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, पाऊस येऊन बाजार मोडला तर त्या दिवसाची बैठकी परत करा. सरकार पाऊस थांबवू शकत नसेल तर पावसाचं भाडंही घेऊ नये. पुढच्या वर्षी विक्रीकरावर बोलल्या. सबंध लाल मिरचीला कर नाही आणि कांडलेल्या तिखटाला आहे, असं त्यांना कोणी सांगितलं. “म्हंजे मिरचीवर कर नाई, कांडनाऱ्या बाईच्या खांद्यावर कर हाय,” म्हणाल्या. त्या वर्षी काही झालं नाही. जयवंताबाई मात्र नाराज झाल्या नाहीत. बाजारात पहिल्या भावाला कोण गिऱ्हाईक घेतं?

त्यांना बजेटचं वेडच लागलं होतं. प्रयागच्या ओट्यावर बसून विचारायच्या, “हे सरकार कोनापासून किती घेते अन् कायले घेते, हे सगळं एका जागी लिहेल असते म्हन! आन् ते वर्षातून एकडाव सगळ्याइच्या समोर सांगा लागते! निजामानं कधी सांगतलं होतं का?” आणि डोळे असे चमकायचे की प्रयागला आपण शिकवलेलं नागरिकशास्त्र आठवून लाज वाटायची, तिच्या पुस्तकात बजेट म्हणजे चार कोरड्या ओळी होत्या.

या वर्षी त्यांनी नाका धरला. बजेटवरच्या पहिल्या चर्चेत नंबर लागला तो दुपारच्या जेवणानंतर. अर्धी मंडळी पेंगत होती. त्यांनी सांगितलं, एक देश झाला, मधे नाका कशाला. कोणी ऐकेना. त्यांनी सांगितलं, पोरीच्या भांड्यावर महसूल घेता. एकानं जांभई दिली. तेवढ्यात वेळ संपत आल्याची घंटा वाजली, आणि जयवंताबाईंच्या डोळ्यांसमोर बाजार उभा राहिला: दिवस मावळायला आलाय, वांगी तशीच पडलीत, गिऱ्हाईक पाठ फिरवून चाललंय. अशा वेळी माळीण जे करते तेच त्यांनी केलं. टोपलीच्या तळाचा ताजा माल वर काढला.

“स्पीकर साहेब, या सभेत कोनाले माहीत हाय का, आमी नवं भांडं जुनं कसं करतो?”

पेंगणारे जागे झाले. जयवंताबाईंनी तेल सांगितलं, गोवऱ्यांचा धूर सांगितला, राख सांगितली. बाकं वाजायला लागली. “फिरसे बोलिये, फिरसे बोलिये!” कोणीतरी ओरडलं. त्यांनी हातानं भांडं धरून फिरवायची नक्कल करून दाखवली. मग पोचा सांगितला. “पोरीच्या संसाराले पयला पोचा तिची मायच पाडते, साहेब. तुमच्या नाक्याच्या पायी.” टाळ्या पडल्या, त्या कडकडून. बाहेर आल्यावर चार जणांनी येऊन शाबासकी दिली, एकानं पान दिलं. जयवंताबाई हवेत. त्याच झोकात त्यांनी कपात सूचना देऊन टाकली. करोडगिरीच्या खर्चाची मागणी सभेपुढं येईल तेव्हा त्यातून एक रुपया कमी करावा, अशी. रुपया नावाला असतो. तेवढा निषेध मांडून त्या खात्याच्या कारभारावर बोलायला मिळतं. ही सगळी हकीकत त्यांनी प्रयागला इतक्यांदा सांगितली होती की तिला आपणच तिथं बसलो होतो असं वाटे.

दुसऱ्या दिवशी ते उर्दू वर्तमानपत्रात छापून आलं. तेलासकट, धुरासकट. वर्तमानपत्र नाक्यावरही येत होतं.

आणि त्याच आठवड्यात बयनाबाईच्या पोरीचं, राहीचं वऱ्हाड नदी उतरलं.

बयना म्हणजे जयवंताबाईंची मावसबहीण. दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालेल्या. जयवंताबाईंना हे सगळं कळलं ते इचोड्याला मोटारीतून उतरल्यावर, बाजारात. शेजारच्या भाजीवाल्या जयवंताबाईंकडं पाठ करून बसल्या. एकजण म्हणाली, “तुमच्या पुढं शिंकाची सोय नाई राह्यली बाई,” आणि मग दुसरीनं काय झालं ते सांगितलं. जयवंताबाई तशाच शाळेच्या दारात आल्या. शिमग्याची सुट्टी लागली होती. “चाल,” एवढंच म्हणाल्या, आणि प्रयागनं चपला घातल्या.

पळसघाटला पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बयनाबाईचं घर गावाच्या नदीकडच्या टोकाला. ती अंगणात ज्वारी वारत होती. दोघींना तिनं पाहिलं. सूप थांबलं नाही. जयवंताबाई अंगणाच्या काठाशी उभ्या राहिल्या. शेवटी बयनाबाईची सासू, मालनबाई, ओसरीवरून ओरडली, “पाव्हन्याइले पानी दे वं! भांडन पान्यानंतर कर.”

बयनाबाई आत गेली आणि मातीच्या दोन परळांत पाणी घेऊन आली. प्रयागपुढं एक ठेवला, जयवंताबाईंपुढं एक.

“तांब्या नाई काय वं?” मालनबाई म्हणाली.

“तांबे नाक्यावर हायत, आत्याबाई. तिथं ठेवून आले ना आमी. आमदारीनबाईच्या मेहेरबानीनं.”

जयवंताबाई मटकन खाली बसल्या. “बयने, मले शिव्या दे. मार. पन ‘आमदारीन’ नोको म्हनू.”

“काऊन? निवडून नाई आली का तू? आमीच नाई का आनली? म्या घरोघर फिरून सांगतलं, माही भैन हाय, तिले मत द्या, ती आपलं बोलन.” बयनाबाईचा आवाज चढला. “बोलली वं बाई! बोलली! येवढं बोलली का काही राह्यलंच नाई!”

“चुकली म्या.”

“नाकेदार पेपर घेऊनच बसला व्हता. मले म्हने, बाई, भांडी खाली ठेवा. चिंच भिजवून ठेवेल व्हती त्यानं. तयार! म्हने, घासा. सारं वऱ्हाड उभं. व्याही उभे, जावई उभा. नवरदेवाच्या मायनं पदरात तोंड लपवलं. अन् मी नवरीची माय, रस्त्यावर बसून घंगाळ घासून राह्यली. एक हात मारला न मारला तं ते असं लखलखलं…” बयनाबाई थांबली. “एरवी किती हरीख वाटला असता. येवढं चांगलं घंगाळ घेतलं व्हतं म्या.”

अंगणाबाहेर शेजारच्या बाया जमल्या होत्या. त्यातली एक डोळे पुसत होती.

“म्हने, खोटं बोलून माल नेता, माल जप्त. राही माही हालत्या हातानं सासरी गेली. एक वाटीबी नाई संगं. तिची जाऊ काय म्हनत असन, ते मले इथं बसून आयकू येते.”

जयवंताबाईंनी परळ उचलला, पाणी प्याल्या, आणि हलक्या आवाजात बोलल्या. प्रयागनं त्यांना असं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “मी कायले आली ते सांगते. सोमवारी नाक्याची मागनी हाय. माहं नाव पुकारतीन. मी उभी राह्यली तं मले बोलता येते. नाई राह्यली तं माही सूचना तिथंच मेली. म्या आईची शपथ घेतली, तुमी बायांनी हो म्हनल्याबिगर त्या सभेत नाक्यातला ‘न’बी बोलनार नाई. तू नाई म्हन बयने, मी गुमान बसन. तुह्या तोंडानं सांग.”

बयनाबाईनं सूप उचललं. पुन्हा खाली ठेवलं. प्रयागला राहवेना. तिला ओरडावंसं वाटत होतं की, अहो, या गप्प बसल्या तर नाकेदाराची चिंच कायमची भिजत राहील! पण हा दोघी बहिणींचा मामला होता. ती मनात आईचं नाव घेत बसून राहिली.

मालनबाईनं ओसरीवरून विचारलं, “काय सूचना टाकली वं तू?”

“नाक्याच्या खर्चातला एक रुपया कमी करा, अशी.”

“एक?”

“एक.”

“एवढ्या उन्हाची चालत आली अन् एकच रुपया कापते?” म्हातारीनं हात कपाळाला लावला. बाहेर उभ्या बायांत खसखस पिकली. “बरं, मंग त्या दिशी तू हे सारं सांगतलं, तं ते लोक हसले म्हनते.”

“हो.”

“हसून काय देल्लं?”

“टाळ्या देल्ल्या.”

“टाळ्या आन म्हनून धाडलं व्हतं तुले?”

जयवंताबाईंनी मान खाली घातली. बाजारात, सभेत, मोर्चात कोणी त्यांना गप्प करू शकलं नव्हतं. ओसरीवरच्या म्हातारीनं केलं. पण म्हातारीचं संपलं नव्हतं. “माह्या लग्नात माह्या मायनं काळं केलं. तिच्या मायनं तिचं केलं. म्या माह्या पोरीचं केलं. म्या तं रडली व्हती पोचा पाडताना, कोनाले सांगतलं नाई आजपावतर. बयने, तू रडली का?”

बयनाबाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि मान डोलावली.

मग एकदम ती उठली. कमरेला पदर खोचला. प्रयागला वाटलं, आता ही दोघींना हाकलणार.

“जयवंते, बोल तू.”

“बयने…”

“आयकून घे आंदी. बोल, पन माह्या नावानं बोल. ‘एक बाई’ नोको म्हनू. बयनाबाई, गाव पळसघाट, नवरीची माय, असं म्हन. तिले रस्त्यावर बसवून भांडं घासाले लावलं म्हन. तिची पोर हालत्या हातानं गेली म्हन. अन् भांडी परत पायजे म्हन. घंगाळ, परात, हंडा, पाच तांबे. नाका उठो का न उठो, माहे तांबे पायजे. पन आमी काय करतो, कसं करतो, त्यातलं एक अक्षर नोको सांगू. आमचा जाच तुह्या हवाली. आमची अक्कल आमच्यापाशी ऱ्हाऊ दे.”

“माहंबी नाव घे!” बाहेरून एकजण ओरडली. “माह्या भावजयीची परात ठेवून घेतली!”

“माहंबी!”

बघता बघता अंगण भरलं. कोणी पोतं अंथरलं, कोणी कडब्याच्या पेंढीवर बसली. ज्वारी वारायची तशीच राहिली. एकेकीनं आपल्या तोंडानं आपलं सांगितलं आणि नाव घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याला विचारू का, असं एकीनं म्हटल्यावर मालनबाई म्हणाली, “लग्नात भांडं काळं करताना इचारलं व्हतं का त्याले?” जयवंताबाई प्रत्येकीचं नाव तोंडानं घोकत होत्या, त्यांचे डोळे पुन्हा चमकायला लागले होते. प्रयागला वाटलं, हीच सभा आहे. हैदराबादेत भरते ती हिची सावली.

आणि मग, व्हायचं ते झालं. काय सांगायचं ते ठरल्यावर, काय सांगायचं नाही याच्यावर गोष्ट आली.

“लुगड्याचं नोको सांगू हं बाई.”

“कोनतं लुगड्याचं?” जयवंताबाईंनी कान टवकारले. त्या लग्न होऊन इचोड्याकडं गेल्या होत्या, काठची नवी विद्या त्यांना ठाऊक नव्हती.

“अवं, नवं लुगडं पेटीत ठेवलं का महसूल. अंगावर असलं का नाई. म्हनून तं आमच्याकडच्या वऱ्हाडनी तीन तीन नेसून जातात एकावर एक!”

“नाकेदार म्हने,” दुसरी हसत हसत म्हणाली, “पळसघाटच्या बाया जातानी लठ्ठ अन् येतानी वाळेल कशा? म्हनलं, साहेब, पोरीच्या दुःखानं!”

अंगण हसून लोळलं. जयवंताबाईंनी मांडीवर थाप मारली. “तीन लुगडे! बापा!”

“अन् तुपाचं?” तिसरीला धीर निघेना. “तुपाची लोटी पोराच्या पाळन्यात. वरून पोरगं. कोन उचलते पोराले? उचललं तं ते भोंगा करते.”

“जोडव्याइचं सांग, जोडव्याइचं!”

“ते कनकीच्या गोळ्यात. वाटंवरच्या भाकरीचं पीठ म्हनून. एकडाव नाकेदारानं गोळाच मागतला खायले, भाजून द्या म्हने! माही सासू म्हने, साहेब, बाटेल हाय, कुत्र्यानं तोंड लावलं!”

बयनाबाईसुद्धा हसली. राही गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. हसता हसता तिनं जयवंताबाईंच्या पाठीत एक गुद्दा घातला, चांगला जोरात, आणि तिथंच त्यांच्या खांद्याला डोकं टेकून ढसाढसा रडली. जयवंताबाईंनी तिला थोपटलं. मालनबाई म्हणाली, “झालं ना आता? गूळ आना वं कोनी. अन् जयवंते, शपथ घे. लुगडं नाई, तूप नाई, जोडवे नाई.”

“लुगडं नाई, तूप नाई, जोडवे नाई,” जयवंताबाई म्हणाल्या आणि गळ्याला हात लावला.

दिवस मावळायच्या आत पुढचं गाव गाठायचं म्हणून दोघी निघाल्या. बायांनी शिवेपर्यंत येऊन पोचवलं. पैनगंगेवरून गार वारा येत होता, आणि पलीकडच्या काठावर कोणाच्या तरी मळ्यात मोट चालल्याचा आवाज. प्रयागचं मन पिसासारखं हलकं झालं होतं. आईनं ऐकलं. सोमवारी जयवंताबाई उभ्या राहणार! पळसघाटच्या बयनाबाईचं नाव राजधानीच्या सभेत घेतलं जाणार, लिहून ठेवलं जाणार! पायाचे फोडसुद्धा तिला जाणवेनात.

जयवंताबाई पुढं चालत होत्या आणि पुटपुटत होत्या. प्रयागला वाटलं, नावं पाठ करताहेत. तिनं कान दिला.

“…स्पीकर साहेब, नाकेदारानं इचारलं, जातानी लठ्ठ अन् येतानी वाळेल…”

“मावशी!”

जयवंताबाई जागच्या जागी थबकल्या. तोंडावर हात. मग त्या शेताच्या बांधावर बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“पाह्यलंस? शपथेचा गूळ तोंडात हाय अजून. अन् सुटून राह्यलं. काय करू वं मी? मानसं हसायले लागले का मले काही सुधरत नाई. कोनी तोंडाकडं पाहून राह्यला का माही टोपली आपोआप उपडी होते.” त्या खरोखर घाबरल्या होत्या. “नावं सांगन, जाच सांगन, सगळं बराबर सांगन. अन् मंग एखांदा पेंगन. एकानं जांभई देल्ली का मी गेली.”

प्रयाग त्यांच्याशेजारी बसली. जयवंताबाईंनी तिच्याकडं पाहिलं. आधी सहज, मग निरखून, बाजारात पारख करून घ्यावी तसं.

“प्रयागे, तू चाल हैदराबादले.”

“मी? मी काय करू तिथं?”

“शाळा अजून उघडत नाई. मोटरचं भाडं माह्याकडं. तिथं वर सज्जा असते, लोकाइले बसून आयकायले. मी पास काढते. तू पयल्या रांगेत बस, मले दिसशीन अशी. मी बयनीचं सांगत हाय तोपर्यंत काही नोको करू. पन लोक हसायले लागले, मी फुलायले लागली, अन् तुले वाटलं का आता ही लुगड्यापाशी आली…”

“तर?”

“तं खोकल. चांगली जोरात खोकल. शिपाई येईन, तुले बाहेर काढन, काढू दे. पन तू खोकल.”